भगताचा वाटा

माणसाचं काळीज मी हातात धरलेलं आहे. माझ्या बायकोचं. ते केवढं असतं हे मला कुणी सांगू नये. झाकल्या मुठीएवढं असतं, वर रुंद, खाली निमुळतं, आणि छातीत सरळ बसत नाही, डाव्या अंगाला कलतं. छातीतलं जे धडधडतं त्याला आम्ही काळीज म्हणतो. जव्हारच्या दवाखान्यातला डॉक्टर हृदय म्हणायचा. वस्तू तीच.

माझं शिक्षण थोडं. संस्थानच्या शाळेत दुसरी झाली, तिसरीत बाप गेला आणि पाटी वळचणीला खोचली ती तिथेच राहिली. तरी लिहितो. ते दिवस बघितलेलं दुसरं माणूस आता पाड्यात उरलं नाही, आणि नव्या पोरांना कुणीतरी सांगत असतं की जुना भगत देवमाणूस होता. नव्हता. तो मेला, त्याच्या घराची जागा नांगरून झाली, तरी माझा राग तसाच आहे. हे कागदावर राहिलं म्हणजे मेल्यावरही त्याला सुटका नाही. मला तेवढंच पाहिजे.

आमचा पाडा साखरशेताच्या बाजूला, डोंगराच्या पोटात. वरच्या उतारावर नाचणी, खाली एकाखाली एक भाताची खाचरं. जव्हारात राजा होता, राजाचा दवाखाना होता, पण पावसाळ्यात मधली नदी पलीकडे जाऊ द्यायची नाही. मग चार महिने आम्हाला राजाही नाही आणि दवाखानाही नाही. भगत मात्र पाड्यातच.

सगळे भगत तसे नसतात हेही लिहितो. माझ्या बापाची मोडलेली तंगडी मोखाड्याकडच्या एका भगताने बांबूच्या कामट्या बांधून सरळ केली होती, आणि जाताना नुसती एक भाकर घेतली. आमचा तसा नव्हता. तो सुपात तांदळाचे दाणे टाकून दुखणं कुणी लावलं ते सांगायचा, आणि त्याचं घ्यायचा.

पाड्यात बोकड कापायचं आणि वाटे घालायचं काम आमच्या घराकडे. बापाकडून माझ्याकडे आलं. गावदेवाला बोकड दिला की सागाच्या पानांवर घरटी एकेक वाटा मांडायचा. मुंडकं कारभाऱ्याचं. काळीज भगताचं. तो ते निखाऱ्यावर भाजायचा आणि सगळ्यांच्या देखत सावकाश खायचा. इतकी काळजं मी त्याच्या पानावर ठेवली, पण एकही उघडून बघितलं नव्हतं. बघायचं कारणच काय? आपलं काम छातीतून काढायचं, धुवायचं, द्यायचं.

माझी सासू आमच्यातच राहायची. नवरा मेलेला, पोर ही एकच. तोंडाने फटकळ. एकदा भगत दारात आला. म्हातारीला म्हणाला, "डोसे, या घरावर सावली आहे. काळी कोंबडी दे, उतरवून टाकतो."

सासू म्हणाली, "सावली आंब्याची आहे, दुपारी आपोआप उतरते. आणि कोंबडी नाय देणार. तुझ्या दाण्यांपेक्षा ती हुशार आहे, निदान अंडं तरी देते."

खळ्यावर बसलेली माणसं हसली. भगतही हसला, आणि कोंबडीकडे बघत बघत निघून गेला. पुढचं सगळं त्या कोंबडीपासून आहे असं मी आजही धरतो. कुणी म्हणेल, एका कोंबडीसाठी कोण असं करेल? त्याने केलं.

बायकोला धाप लागायला लागली ती त्याच्या पुढच्या वर्षी. नाचणीच्या वरकसावर चढताना मध्येच बसायची. मी वरून हाक मारली की म्हणायची, "तू जा पुढं. डोंगर यंदा उंच झालाय." गाल लाल दिसायचे. बाया चेष्टा करायच्या, नव्या नवरीचे गाल आलेत म्हणून. मग पाय सुजले. आडवी झाली की दम कोंडायचा, म्हणून भाताच्या कणगीला टेकून बसल्या बसल्या झोपायची.

एके दिवशी भात निवडताना तिने माझा हात धरला आणि डाव्या छातीखाली ठेवला.

"काय लागतं?"

आत काहीतरी घुरघुरत होतं. धडधड वेगळी आणि हे वेगळं. हाताला बारीक थरथर लागत होती.

"मांजर बसलंय आत," ती म्हणाली. "पाळलेलं आहे, चावत नाय." आणि स्वतःच हसली. हसताना खोकला आला, आणि थुंकीत लाल फेस.

तिचं मांजर हे असं होतं. खेळातलं. ते ध्यानात ठेवावं.

त्यानंतर तिचा चुलता भगताला घेऊन आला. मला विचारलं नाही. मी खाचरात होतो, वर आलो तर अंगणात अर्धा पाडा जमलेला. भगताने सुपात तांदळाचे दाणे पसरले होते आणि हात तिच्या छातीवर ठेवला होता. डोळे मिटलेले. मग डोळे उघडून हळूच म्हणाला, "खातंय. आतून काळीज खातंय. कुरतडल्याचं हाताला लागतं. या, बघा कुणीही."

आणि माणसं आली. एकेकाने हात ठेवला. प्रत्येकाला ती थरथर लागली, कारण ती होतीच. चुलत्याने हात ठेवला, कारभाऱ्याने ठेवला, बायांनी ठेवला. ज्याने हात ठेवला तो मागे सरला. माझी बायको कणगीला टेकून सगळ्यांची तोंडं बघत होती.

भगताने दाणे उचलले, टाकले, जुळवले, परत टाकले. म्हणाला, "लांबची नाय. जिचं दूध पिऊन ही वाढली तीच. अर्धं काळीज संपलंय. उरलेलं संपलं की बाई संपली."

सासू चुलीपाशी पेज ढवळत होती. तिच्या हातातली पळी तशीच राहिली.

मी म्हणालो, "तुझे दाणे घे आणि ऊठ. मी हिला जव्हारला नेतो."

"ने की," भगत म्हणाला. "नदीला विचार आधी."

नदी दुथडी भरून चालली होती. डोली करून काठापर्यंत नेली आम्ही तिला, चौघांनी. पाणी बघून परत आणली. परत आलो तर पाड्याने सासूला बाहेर काढलं होतं. मारलं नाही, त्याला उपकार म्हणायचे. कुणी तिचं गाडगं फोडलं, कुणी तिची घोंगडी उंबऱ्याबाहेर टाकली. ती खाचरापलीकडच्या गुरांच्या मांगरात जाऊन राहिली.

तिथून रोज यायची. अंगणाच्या कडेला उभी राहायची, हातात पाण्याचा तांब्या. मी तिला आत घ्यायचो. पण बायको तोंड फिरवायची. आईच्या हातचं पाणी घेईना. तहान लागलेली असायची, ओठ सुकलेले असायचे, तरी मान हलवायची. सासू तांब्या तसाच घेऊन परत जायची.

मी बायकोला म्हणालो, "अगं, ती तुझी आई आहे. भगत खोटं बोलतो."

"मग आत कोण खातंय?" ती म्हणाली. "तू हात ठेव आणि सांग. कोण खातंय?"

मी हात ठेवला. थरथर लागत होती. उत्तर भगताकडे होतं. माणूस मरायला टेकला की ज्याच्याकडे उत्तर असतं त्याचंच ऐकतो. तिने परत कधी मांजर म्हटलं नाही.

उजाडताना गेली. कणगीला टेकलेलीच. भगत दारात येऊन म्हणाला, "संपलं बघा. आत आता काही नाय." सासूला माणसांनी मयताजवळ येऊ दिलं नाही. ती लांब बांधावर उभी होती.

लाकडं ओली होती. चिता धड पेटेना, मग पाऊस आला आणि निम्म्यावर विझली. माणसं निघून गेली. दुसऱ्या दिवशी राख गोळा करायला मी सगळ्यांच्या आधी एकटाच गेलो. हाडं होती, कोळसा होता. आणि छातीच्या जागी एक गोळा. बाहेरून काळा, करपलेला. मी तो उचलला, ओहोळात धुतला. बोकडाचं काळीज मी इतक्या वेळा धुतलंय की हाताला लगेच कळलं. सगळं होतं. कुठे चावा नाही, कुठे खड्डा नाही. अर्धं नव्हतं, पूर्ण होतं.

तिथे ओहोळात बसून मी ठरवलं की भगताला हे खायला घालीन.

ते मिठात घालून ठेवलं, आणि नदीचं पाणी उतरल्याबरोबर सागाच्या पानात बांधून जव्हारला गेलो. दवाखान्याच्या पायरीवर कंपाउंडर बसला होता. म्हणाला, "काय आणलंस रे? मध?"

"काळीज."

"बोकडाचं? साहेब खात नाहीत."

"बायकोचं."

तो उठून आत गेला तो डॉक्टरला घेऊनच आला. डॉक्टर देशावरचा, जाडा, चष्मेवाला. मला आत घेतलं, दार लावलं. "खरं बोल. मारलीस काय तिला? फौजदाराला बोलावू?"

मी सगळं सांगितलं. भगत, दाणे, पाणी, चिता. मग म्हणालो, "बोलवायचा तर बोलवा. पण आधी हे उघडून सांगा, हिला आत कोण खात होतं."

त्याने बाह्या वर केल्या. "अर्धवट शिजलंय," म्हणाला, "कापायला बरं जाईल."

त्याने सुरी चालवली तसा मी जवळ वाकलो. तो एकेक दाखवत, सांगत गेला. आत चार खोल्या. वर दोन लहान, खाली दोन मोठ्या. मध्ये उभी भिंत, उजवीकडचं रक्त डावीकडे जात नाही. अंगभर फिरून मळलेलं रक्त उजवीकडे येतं, तिथून छातीच्या भात्यांत जातं, वाऱ्याने ताजं होतं, आणि डावीकडे परत येतं. डावी खालची खोली ते सगळ्या अंगाला फेकते, म्हणून तिची भिंत जाड. मी बोट लावून बघितलं, खरंच जाड होती. वरच्या आणि खालच्या खोलीमध्ये झडपा. झडपांना खालून पांढरे बारीक दोरे, शिंक्याच्या दोऱ्यांसारखे ताणलेले. झडप खाली उघडते, वर उलटू नये म्हणून दोरे धरून ठेवतात.

"आता ही बघ," डॉक्टर म्हणाला. डावीकडची झडप. तिची दोन्ही पानं एकमेकांना चिकटलेली, नखासारखी टणक झालेली. मध्ये सदऱ्याच्या काजाएवढी फट. आणि वरची खोली ताणून ताणून पिशवी झालेली, भिंत पातळ. "इथून रक्त खाली उतरत नव्हतं. वर तुंबायचं. तुंबून भात्यांत मागे जायचं. म्हणून धाप, म्हणून लाल फेस. कळलं का?"

मला कळलं. वरच्या खाचरातून खालच्या खाचरात पाणी उतरायला बांधाला तोंड ठेवतो. ते तोंड बुजलं की वरचं खाचर भरतं, मग त्याच्याही वरचं भरतं. मी तसं म्हणालो. डॉक्टर म्हणाला, "तेच."

"आणि ती थरथर?"

"बांधाच्या बारीक तोंडातून पाणी जोराने निघालं की बोटाला काय लागतं?" मग त्याने चष्मा पुसला. "हाताला कसं लागायचं? मांजर घुरघुरल्यासारखं?"

मी म्हणालो, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आम्हाला शिकवताना मांजरच सांगतात. ते हाताला लागलं की हाच आजार."

शाळेचं तोंड न बघितलेल्या माझ्या बायकोने बरोबर शब्द सांगितला होता. मांजर. त्या शब्दावर ती हसत होती. भगताने तो तिच्या तोंडून काढून घेतला आणि तिथे तिची आई घातली. ती मरणारच होती. डॉक्टर म्हणाला, आधी आणली असतीस तरी झडप उघडायचं औषध माझ्याकडे नव्हतं, थोडा आराम पडला असता इतकंच. बरं. मरणाचा दोष मी भगतावर घालत नाही. आईच्या हातचं पाणी नाकारून, कोरड्या ओठांनी मेली, तो दोष त्याचा. तो मी त्याला कधीही माफ केला नाही.

डॉक्टरने आणखी एक विचारलं. "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का तिला? तिथून लागतं हे." तेव्हा मला ठाऊक नव्हतं. नंतर सासूला विचारलं. ती म्हणाली, "गुडघे भोपळ्याएवढे झाले होते. चालता येईना. तो सगळा पावसाळा मी तिला पाठीवर बांधून लावणी केली."

डॉक्टर काळीज ठेवून घेणार होता. मी नाही म्हणालो. मग त्याने काचेच्या बरणीत घालून वर दारू ओतून दिली. कंपाउंडर म्हणाला, "ही प्यायची दारू नाही हां." मी म्हणालो, "ज्याला पाजायची त्याला मी सांगतो."

बरणी शिंक्यात टांगून ठेवली. वाघबारशीपर्यंत कुणाला दाखवली नाही. दिवाळीच्या आधी वाघदेवाला बोकड द्यायचा, पाडा सगळा जमतो, भगत आपल्या पानावर बसतो. त्या सकाळी मी मांगरात जाऊन सासूला म्हणालो, "आये, आज वाटे घालताना ये. कुणी अडवलं तर माझं नाव सांग."

बोकड कापला. वाटे मांडले. मुंडकं कारभाऱ्याच्या पानावर ठेवलं. भगताने आपलं पान पुढे सरकवलं. मी बरणी काढली, काळीज काढलं आणि त्याच्या पानावर ठेवलं.

"काळं दिसतं," तो म्हणाला. "आणि वास कसला?"

"तू म्हणालास अर्धं संपलं. हे पूर्ण आहे. मोजून घे."

त्याला कळायला वेळ लागला. इतरांना आधी कळलं. बाया तोंडाला पदर लावून मागे सरल्या. भगत म्हणाला, "बोकडाचं आहे हे. पाड्याला फसवतोस."

मी कापलेल्या बोकडाचं काळीज त्याच्या शेजारी ठेवलं आणि तिथेच उभं चिरलं. डॉक्टरने दाखवलं तसं डावं अंग उघडलं. "या झडपेत बोट घाल." कारभारी पुढे आला. बोकडाच्या झडपेतून त्याची दोन बोटं आरपार गेली. "आता हिच्या." करंगळीसुद्धा जाईना. "हे तोंड बुजलं होतं. बांधाचं बुजतं तसं. तुम्हाला हाताला लागलं ते या फटीतून जाणारं रक्त होतं. सगळ्यांनी हात ठेवला होता. आता बोट ठेवा."

चुलता आला. त्याने बोट ठेवलं, आणि तिथेच उकिडवा बसून रडायला लागला. मी त्याला रडू दिलं. मला बरं वाटत होतं.

मग मी भगताला म्हणालो, "काळीज तुझा वाटा आहे. भाज आणि खा. तू म्हणतोस की हिचं काळीज कुणीतरी खाल्लं. मग तू तरी खरं कर."

तो बसून राहिला. हात मांडीत. पानाकडे बघेना, माझ्याकडे बघेना. कपाळावरून घाम नाकाशी आला होता. त्याने उठायला बघितलं तेव्हा मी खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. कुणी मध्ये पडलं नाही. मी त्याला तिथे दिवस मावळेपर्यंत बसवला असता.

पण सासू आली. माणसांनी वाट दिली, या खेपेला कुणी अडवलं नाही. ती पानाजवळ वाकली आणि बघितलं. मी तिला आधी काहीच सांगितलं नव्हतं.

"हे काय मांडलंस?" ती म्हणाली. "पोर आहे ना ही माझी? वाट्यात घातलीस?"

"आये, तुझ्यासाठीच."

"माझ्यासाठी नाय. सरक."

तिने ते दोन्ही हातांनी उचललं, पदरात घेतलं आणि उताराने ओहोळाकडे चालायला लागली. मी मागून गेलो. ती पाण्यात उतरली, काठाजवळच्या धोंड्यावर काळीज ठेवलं, आणि ओंजळीने त्यावर पाणी घालायला लागली. एक ओंजळ, थांबायची, मग दुसरी. लहान पोराला पाणी पाजताना ठसका लागू नये म्हणून थांबतात तसं. झडपेच्या फटीतून पाणी आत जायचं आणि खालून बाहेर यायचं. "पी," म्हणायची. "पी, बाय."

मी काठावर उभा होतो. तिने मान वर न करता सांगितलं, "तू जा घरी. तुझं झालं ना."

माझं झालं नव्हतं. मी वर परत आलो. भगत अजून तिथेच होता, पान रिकामं. बोकडाचं काळीज चिरलेलं बाजूला पडलं होतं. चार दिवसांचा उपाशी असल्यासारखा तो त्याच्याकडे बघत होता. मी ते उचललं आणि त्याच्या समोर कुत्र्याला टाकलं. कुत्र्याने खाल्लं. पाड्याने बघितलं.

त्या सालापासून काळजाचा वाटा कुणाच्याच पानावर गेला नाही. वाटे मीच घालायचो, कोण विचारणार. भगताकडे दाणे बघायला जाणारे कमी झाले, मग तो मोखाड्याच्या बाजूला मुलीकडे गेला आणि तिकडेच मेला. सासू माझ्या घरात आली, मरेपर्यंत राहिली. तो मेल्याचं कळलं तेव्हा ती म्हणाली, "सुटला बिचारा." मी त्या दिवशी तिच्याशी बोललो नाही.